पहिला घोट

फिर्मिननं वाळक्या भोपळ्याच्या भांड्यातली ताडी पेल्यात ओतली आणि पेला थेट वडिलांच्या हाती दिला.

आंब्याखाली जेवायला बसलेल्या मंत्र्यांचं बोलणं तिथंच थांबलं. संरक्षणमंत्र्यांनी तोंडातला मासा चावायचाही सोडला. ओतणाऱ्यानं आधी स्वतः घोट घ्यायचा, मग दुसऱ्याला द्यायचं. शेंबडं पोरही हे विसरत नाही. आणि हा राष्ट्राध्यक्षांचा मुलगा, उद्याचा वारस, नेमकं तेच विसरला!

विसरला, कारण सकाळपासून त्याच्या डोक्यात एकच वाक्य घोळत होतं: पापा, मासेंबोला सोडा. मासेंबो त्याचा दूधभाऊ, दाई बिलोंगाचा मुलगा. भरबाजारात पापांच्या भाषणाची नक्कल केली म्हणून तुरुंगात सडत होता. "आज माग रे बाळा, ते खुशीत आहेत," असं म्हणत दाईनंच भोपळा त्याच्या हाती दिला होता.

चूक लक्षात आली तशी फिर्मिननं घाईघाईनं पेल्याकडं हात नेला.

"राहू दे," पापा म्हणाले. "बापाला विष घालायला छाती लागते. तुझ्यात कुठली!"

सगळे खो-खो हसले; संरक्षणमंत्री सर्वांत मोठ्यानं. पापांनी मात्र पेला ओठाला न लावताच खाली ठेवला.

"काय मागायचंय? मघापासून नुसती चुळबुळ चाललीय तुझी."

"मासेंबोला सोडा, पापा. पाया पडतो तुमच्या."

"एवढंच होय? सोडला." पापांनी हात पुसले. "तू हा असा वेंधळा. उद्या माझ्या खुर्चीत बसलास, की या हसणाऱ्यांपैकी कोण तुला काय पाजेल, पत्ताही लागायचा नाही. तुझ्याआधी पिणारा भरवशाचा माणूस हवाच. उद्यापासून तुझा प्रत्येक पेला आधी मासेंबो पिईल."

आता कुणीच हसलं नाही.

फिर्मिन भोपळा घेऊन परतला, तेव्हा दाई स्वयंपाकघराच्या दारातच उभी होती.

"सोडला?"

"सोडला. आता माझ्याजवळच राहील."

"माझं गुणाचं लेकरू ते!" त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून दाई ढसाढसा रडली. मग डोळे पुसून तिनं उरलेली ताडी पेल्यात ओतली, रीतीप्रमाणं आधी स्वतः घोट घेतला आणि पेला त्याच्यापुढं धरला.

"घे की रे. मी प्यायलेय आधी."

फिर्मिनचा हात काही केल्या पुढं होईना.