अरुणासमोरची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. जरा हळू बोलते, कारण ह्या खोलीतलं बाहेर सांगायचं नाही असा इथला नियम आहे. म्हणून जिची गोष्ट सांगणार आहे तिचं नाव मी बदललं आहे. शिवांजली म्हणा तिला.

माझा जन्म दिल्लीतल्या पंचकुइयाँ रोडवरच्या एका फर्निचरच्या दुकानातला. शिसवी लाकूड, रुंद हात आणि गादी जरा जास्तच मऊ. विष्णूने घासाघीस करून मला घेतलं आणि टेम्पोत घालून लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आणलं. त्याची बायको अरुणा मानसोपचार करते. लोकांच्या मनातलं ऐकते, त्यांना सावरते. येणारा माणूस माझ्यात बसतो आणि ती समोर.

पुढे विष्णूने सरकारी नोकरी सोडून नव्या खासगी कंपनीत उडी घेतली आणि आम्ही दिल्लीच्याच टोकाला, द्वारका नावाच्या नव्या वस्तीत आलो. तेव्हा तिथे अर्ध्या इमारती रिकाम्या होत्या, पाणी टँकरचं. पण नव्या नोकऱ्यांनी झोप उडवलेली माणसं भराभर यायला लागली. अरुणा त्यांना हिंदीत सरळ विचारायची, "मरने का खयाल आता है?" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझेच सांधे सैल झाले होते! पण विचारलं की माणसं मोकळी व्हायची.

तिच्या गुरू वीणाताई आर. के. पुरमला राहतात. दर पंधरवड्याला त्यांच्याकडे जाऊन आपलं काम तपासून घ्यायचं, हा अरुणाचा रिवाज होता. द्वारकेत आल्यावर तो सुटला. "दोन बस बदलायच्या, आणि आता मला जमतं की सगळं," असं ती विष्णूला म्हणाली. मला तेव्हाच धडकी भरली होती, पण खुर्चीला कोण विचारतो?

मग शिवांजली आली. छावणीतल्या एका जवानाची बायको, नवरा सीमेवर. युनिटच्या डॉक्टरांनी तिला पाठवली होती. तिचं गावाकडचं मराठी ऐकून दिल्लीत वाढलेली आमची अरुणा हरखून गेली. चहा आला, पोहे आले. शिवांजली तिला ताई म्हणायला लागली. गप्पा रंगायच्या, आणि उपचार कुठे संपतो नि पाहुणचार कुठे सुरू होतो ते कळेनासं झालं.

एके दिवशी शिवांजली म्हणाली, "ताई, माझं शिलाई मशीन शेजारच्या कृष्णाबाईला देऊन टाकलं. पितळेची भांडी बी वाटून टाकली."

"अच्छा, छान केलंस! घरात तेवढीच जागा झाली," अरुणा म्हणाली.

माझ्या हातांवर शिवांजलीचे हात होते. एरवी घट्ट आवळलेले असायचे, त्या दिवशी अगदी सैल पडले होते. मला फार भीती वाटली. ओरडावंसं वाटलं, पण खुर्ची करकरण्यापलीकडे काय करणार? मी करकरले. अरुणा म्हणाली, "सुताराला बोलवायला हवं."

संध्याकाळी तिने वीणाताईंना फोन केला आणि कौतुकाने सगळं सांगितलं. "माझी पहिली मराठी पेशंट, किती सुधारतेय, आपणहून मशीनसुद्धा देऊन टाकलं!" दुसऱ्या दिवशी सकाळीच वीणाताई दारात हजर.

"तिच्या खुर्चीत बस," त्या म्हणाल्या. "तू शिवांजली हो. मी अरुणा."

अरुणा आजवर माझ्यात कधी बसली नव्हती. संकोचतच टेकली. वीणाताईंनी विचारलं, "मशीन का दिलंस गं?"

"मला आता..." अरुणा शिवांजलीच्या सुरात बोलायला गेली आणि थबकली. "मला आता लागणार नाही म्हणून."

मग वीणाताई म्हणाल्या, "सगळ्यांना विचारतेस, हिला का नाही विचारलंस?"

"हिंदीत विचारता येतं हो. मराठीत तोंडातून निघत नाही. आई असलं अभद्र घरात बोलूच द्यायची नाही. आणि ती तर... घरचीच वाटायला लागली होती."

अरुणाने कृष्णाबाईच्या घरी फोन लावला. शिवांजली घरात नव्हती. सकाळीच कुठेतरी गेली होती, कुणाला न सांगता.

दोघी धावत बाहेर पडल्या. रिक्षाचा आवाज लांब गेला आणि मी एकटी उरले. खुर्चीचा जन्म वाईट, कुठे जाता येत नाही. ऊन भिंतीवरून सरकत होतं आणि मी नको नको ते मनात आणत होते. पुन्हा ती माझ्यात बसेल का, एवढंच मला हवं होतं.

दुपार कलल्यावर दार उघडलं. तिघी होत्या. शिवांजली रेल्वे स्टेशनच्या बाकावर बसलेली सापडली होती. ती माझ्यात बसली तेव्हा तिचं अंग थरथरत होतं, आणि मला त्या थरथरण्याचा आनंद झाला.

ह्या वेळी चहा आला नाही. अरुणाने सरळ विचारलं. मराठीतच. "शिवांजली, तुला मरून जावंसं वाटतं का?"

तिने माझे हात गच्च धरले. "व्हय ताई. कुणी इचारतच नव्हतं."

त्या दिवशी ती पहिल्यांदा खरं रडली. तिला डॉक्टरांकडे नेलं, नवऱ्याला रजा मिळाली. बरं व्हायला पुष्कळ दिवस लागले. आणि अरुणा पुन्हा दर पंधरवड्याला वीणाताईंकडे जायला लागली, ती आजवर.

आता माझा रंग उडालाय, गादी बसलीय. विष्णू अधूनमधून अरुणाला चिडवतो, "केस पांढरे झाले, अजून तुझी शिकवणी चालूच?" आणि त्याला माझ्या जागी गोल फिरणारी खुर्ची आणायची आहे. आणा बापडे. मला गच्चीवर टाका, भंगारात द्या. पण एवढं ऐका, पंधरवड्याच्या त्या सकाळी अरुणाला घरी थांबवू नका. तिला आर. के. पुरमला जाऊ द्या. माझ्या जागी जी खुर्ची येईल, तिच्यातही कुणीतरी सैल हातांनी येऊन बसणार आहे.