आडवी राहिलेली पाटी

पुठ्ठ्याला कसली आली भीती, असं तुम्ही म्हणाल, मित्रांनो. पण मला भीती वाटते. मी एक जुनी, मधोमध दुमडलेली नावाची पाटी आहे. माझ्यावर ठळक अक्षरांत लिहिलं आहे, 'व्हर्ना ट्वेट, कामगार प्रतिनिधी'. कोपऱ्यावर कॉफीचा डाग आहे. तो कसा पडला, तेच मला सांगायचं आहे.

माझा जन्म मिनिआपोलिसच्या एका सरकारी कचेरीत झाला. कारकूनबाईंनी पांढरा पुठ्ठा कापला, घडी घातली आणि अठरा बहिणींबरोबर मला एका हॉटेलातल्या लांबलचक टेबलावर मांडलं. धान्याच्या उंच, विहिरीसारख्या कोठारांसाठी नवा नियम करायचा होता. असा नियम सरकार एकट्याने लिहीत नाही. कोठारांचे मालक, तिथले कामगार, विमेवाले आणि सरकारी अधिकारी एकाच टेबलाशी बसतात आणि ओळ न् ओळ भांडून ठरवतात.

त्या टेबलाचे दोन रिवाज होते. बोलायचं असेल, तर आपली पाटी उभी करायची. मग मध्यस्थ लॉइसबाई पाळीपाळीने बोलू देत. आणि मजकूर तयार झाला की त्या विचारत, "कुणाची हरकत?" सगळ्या पाट्या आडव्या राहिल्या, तर सगळे कबूल आहेत असं धरायचं. एक जरी उभी राहिली, तरी एकमत मोडलं. मग सरकार मनाला येईल तसा नियम करणार, नाहीतर करणारच नाही.

व्हर्ना पन्नाशीची, रुंद हातांची बाई. ती आणि तिचा नवरा ऑरिन, दोघंही मक्याच्या कोठारावर कामाला. पहिल्याच दिवशी तिने मला उभं केलं.

"माझा भाऊ लार्स बुडून गेला," ती म्हणाली. "पाण्यात नाही हो, मक्यात. वर मक्याचे गठ्ठे धरले होते, ते फोडायला उतरला. खाली मका बाहेर ओढणारी मोटार चालू होती. मका पायाखालून ओढला गेला आणि लार्स त्याच्याबरोबर. मोजून वीस सेकंद लागले."

त्या दिवशी मला माझा फार अभिमान वाटला.

अकरा महिने मी उभी राहत होते, आडवी होत होते. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा, हे व्हर्नाने मिळवलं. वर दुसरा माणूस हवा, हेही मिळवलं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे, माणूस आत असताना मोटार बंद हवी. मालकांच्या बाजूचे क्लाइड हॅवर्सन कुरकुरत राहिले, पण सही करू म्हणाले.

शेवटच्या दिवशी सकाळी पक्का मजकूर वाटला गेला. व्हर्ना बोट फिरवत वाचत होती. एका ओळीवर बोट थांबलं. 'माणूस आत असताना मोटार शक्यतो बंद ठेवावी.' कालपर्यंत तिथे 'शक्यतो' नव्हतं. मला वाचता येतं, मित्रांनो.

चहापानाच्या सुट्टीत क्लाइड कॉफीचा पेला घेऊन आमच्याजवळ आले.

"काय व्हर्ना, सुटलो बाई एकदाचे! ऑरिन कसा आहे? निवृत्तीला चार वर्षं राहिली ना त्याची?"

"हो."

"चांगला माणूस. त्याच्या साहेबांशी कालच बोललो मी. म्हटलं, आमची व्हर्ना समजूतदार आहे. दोर मिळाला, जोडीला माणूस मिळाला. एका शब्दापायी कोण सगळं पाण्यात घालील?"

पेला माझ्याशेजारीच विसरून ते हसत गेले. व्हर्ना हसली नाही.

सगळे जागेवर बसले. लॉइसबाईंनी चष्मा काढला. "कुणाची हरकत?"

व्हर्नाची बोटं माझ्या कडेवर आली. मी एका बाजूने किंचित उचलली गेले. ऊठ, ऊठ, मी स्वतःला म्हणत होते. पण पाटीला आपणहून उभं राहता येत नाही. तिचा हात इतका थरथरत होता की पेला कलंडला आणि गरम कॉफी माझ्या कोपऱ्यावर आली. तिने हात मागे घेतला, रुमाल काढला आणि मला पुसू लागली.

"हरकत नाही असं धरते," लॉइसबाई म्हणाल्या. "एकमत!"

टाळ्या वाजल्या. फोटो निघाले. सरकारी साहेबांनी व्हर्नाचा हात दाबून "शाबास" म्हटलं. पुढे विरोध करणार नाही, अशा कागदावर सगळ्यांनी सह्या केल्या. व्हर्नानेही केली.

आठवण म्हणून तिने मला घरी नेलं. काही दिवस मी फडताळावर मिरवले. मग स्वयंपाकघरातल्या खणात गेले, रबरबँड आणि गंजक्या किल्ल्यांच्या शेजारी. मक्याचा हंगाम आला की व्हर्ना खण उघडायची, मला बघायची आणि खाडकन बंद करायची. ऑरिनला यायला दहा मिनिटं उशीर झाला, तरी ती खिडकीशी उभी असायची. अंधारात पडून मी तिची पावलं मोजत असे.

तिसऱ्या हंगामात, भर दुपारी, गावाचा भोंगा वाजला. कोठारावर अपघात झाला की तो वाजतो. व्हर्ना दार उघडं टाकून धावली.

दोघं घरी आली तेव्हा संध्याकाळ झाली होती. ऑरिन छातीपर्यंत गाडला गेला होता. दोरामुळे वाचला. दोन तास खणून काढलं त्याला. त्याच्या कानांतून अजून मक्याची धूळ पडत होती.

"मी म्हटलं होतं, मोटार बंद करा," तो हळू आवाजात म्हणाला. "साहेब म्हणाले, गाड्या खोळंबल्यात, आज शक्य नाही. नियमात बसतं म्हणाले. अगं, तूच केलास ना तो नियम? बसतं का गं?"

व्हर्नाने खण उघडला, मला काढलं आणि जेवणाच्या टेबलावर उभं केलं. तिचा हात जराही हलला नाही.

"माझी हरकत आहे," ती म्हणाली.

ऑरिनने इकडेतिकडे पाहिलं. "कुणाला सांगतेस?"

समोर फक्त थंड झालेलं सूप होतं.

मित्रांनो, तेव्हापासून मी त्या टेबलावर उभीच आहे. मला कुणी पाडत नाही, रोज पुसतात. पण मला पुसून काय उपयोग? तुमच्यापुढेही कधीतरी अशी एखादी पाटी येईल. तुमचा हात थरथरेल, कॉफी सांडेल. सांडू द्या. समोरचं माणूस विचारतंय तोवर पाटी उभी करा.