प्रार्थनेचा उतरलेला गंधार

पुतणी संगीताची पदवी घेऊन घरी आली तेव्हा दादांनी, म्हणजे माझ्या थोरल्या भावाने, ते प्रमाणपत्र खिडकीशी नेऊन दोन्ही बाजूंनी वाचलं. नोकरीचा उल्लेख कुठेच सापडला नाही.

पुढचं वर्ष तिने छंदांत घालवलं. सुटलेली पुस्तकं बांधली, मातीचे कप केले (चहा पिणाऱ्याने पटपट प्यावा, इतपत ते गळायचे), आणि विणकाम इतकं केलं की घरात उघडी राहिलेली एकच किटली, तीही उन्हाळा म्हणून. घरात तिला ‘उद्योगी’ म्हणू लागले ते ती बेकार असताना. रोज सकाळी मात्र पंधरा मिनिटं डोळे मिटून प्रार्थना करायची. देवाकडे नोकरी मागतेस का, असं मी एकदा विचारलं. ती म्हणाली, “त्याला ठाऊक आहे, काका. तो काय कचेरीत बसलाय, पुन्हा पुन्हा अर्ज करायला?”

कचेरीत बसणाऱ्यांकडे दादांनीच शब्द टाकला. विमा कंपनीत सोमवारी हजर व्हायचं, फोनवर गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायच्या. शिकलेला कान वाया जाणार नाही, असं दादांचं म्हणणं. पोरगी बरं म्हणाली आणि दोन दिवस तिने सुईला हात लावला नाही. तेव्हा मला काळजी वाटली.

शेवटचा छंद म्हणून तिने आमच्या प्रार्थनागृहाची जुनी बाजाची पेटी दुरुस्तीला घरी आणली. पेटीचा गंधार, म्हणजे सा रे ग मधला ग, कित्येक वर्षांपासून उतरलेला होता. स्वराची पितळी पट्टी टोकाकडे घासली की स्वर चढतो, बुडाशी घासली की उतरतो, असं तिने मला दाखवलं. बारीक कानशीने तिने तो गंधार जागेवर आणला.

रविवारी तीच वाजवायला बसली. पहिली ओळ बरी गेली. दुसऱ्या ओळीत गंधार आला आणि साठ माणसं गात गात एकदिलाने त्याच्या खालून निघून गेली. तीस वर्षं त्या पेटीबरोबर गाऊन सगळ्यांचे गळे तिच्याच मापाचे झाले होते. पेटीची दुरुस्ती झाली होती. भाविकांची राहून गेली होती.

प्रार्थना कशीबशी संपली. समितीचे चिटणीस, निवृत्त शिंपी, तरातरा पुढे आले. “चांगली पेटी बिघडवलीस. होती तशी करून दे.”

दादा छताकडे बघत होते. पोरगीने पेटीचा भाता मिटला. मग म्हणाली, “पेटी होती तशी करायला पाच मिनिटं लागतील. तुम्हाला नीट करायला सहा महिने. तुम्ही सांगाल ते करते.”

चिटणिसांनी आयुष्यभर लोकांची मापं घेतली होती. त्यांचं माप असं कुणी घेतलं नव्हतं. तेवढ्यात पुढच्या बाकावरून आमची आत्या, वय ऐंशी, बोलली. “असू दे तशीच. माझा ग यांच्यात बसत नाही म्हणून मी इतकी वर्षं नुसते ओठ हलवत होते. आज गायले.”

मग समितीची बैठक बसली. देवाला कुठला गंधार चालतो यावर पाऊण तास चर्चा झाली, एकमत झालं नाही. पण आत्याशी वाद घालायचा नाही, यावर झालं. उद्योगीला आठवड्यातून चार संध्याकाळी सगळ्यांना शिकवायला नेमलं, पगारी, आणि शेजारच्या दोन शाखांच्या पेट्याही तिच्याकडे दिल्या.

दादांनी तिला बाजूला घेऊन विम्याचं काय, असं विचारलं. ती म्हणाली, “तिथे मी तक्रारी ऐकेन, बाबा. इथे मला त्या मिटवता येतील.”

सोमवारी सकाळी कंपनीला फोन दादांनीच केला. माफी मागताना आवाज जरा जास्तच खुशीत होता.

पहिल्या वर्गाला सतरा जण आले. तिने सगळ्यांना एकच स्वर धरायला लावला आणि रांगांमधून ऐकत फिरली. शेवटच्या रांगेत दादा होते. त्यांच्यापाशी ती थांबली.

“बाबा, तुम्ही अजून खाली आहात.”

“येतो गं हळूहळू,” दादा म्हणाले. “सहा महिने आहेत ना.”