लाल झाकणाखालचे खोटे पाणी

मित्रांनो, क्षणभर डोळे मिटा आणि कल्पना करा, की तुम्ही जमिनीत तीस फूट उभे आहात. डोके पदपथाला टेकलेले, पाय पाण्यात. जमले? मग आता माझे ऐका.

मी तपासणीची एक जुनी नळी आहे. माझ्या अंगाला खाली बारीक चिरा आहेत. त्यांतून जमिनीतले पाणी आत येते. माणसे ते काढून तपासतात. माझे काम एवढेच, की पाणी जसे आहे तसे दाखवायचे.

शेजारच्या पेट्रोल पंपाची जमिनीतली टाकी सहा वर्षे गळत होती. मालकाला ठाऊक होते, पण तो मूग गिळून बसला. पेट्रोल झिरपत झिरपत मागच्या रोपवाटिकेच्या विहिरीत उतरले. तेव्हा सरकारी पाणीखात्याने विहिरीला कुलूप ठोकले आणि पंपवाल्याला सफाईचा हुकूम दिला.

सफाई कोण करणार होते, माहीत आहे? मातीतले जीवाणू! डोळ्यांना न दिसणारे हे जीव पेट्रोल खाऊन टाकतात. मात्र त्यांना प्राणवायू लागतो. म्हणून हिरव्या झाकणाच्या तीन नळ्यांतून प्राणवायू सोडणारी पांढरी पूड जमिनीत द्यायची, असे ठरले. लाल झाकणाची मी. माझ्यात काहीही टाकायचे नाही, हा नियम. सलग चार तपासण्या स्वच्छ आल्या, की विहिरीचे कुलूप निघणार.

तीन तपासण्या चांगल्या गेल्या. चौथीच्या दिवशी सकाळी पंपवाल्याने नेमलेला सफाईचा मुकादम आला आणि त्याने पुडीची अख्खी पिशवी माझ्यात रिकामी केली!

रोपवाटिकेतली मुलगी कुंपणापाशी रोपे लावत होती. ती म्हणाली, "काका, ते लाल झाकण आहे. हिरव्यात ओततात ना?"

"अगं, औषध कुठूनही पाजलं तरी पोटातच जातं," मुकादम हसला. "तू तुझी रोपं बघ."

माझा नुसता संताप झाला. मित्रांनो, हे औषध पाजणे नव्हते. हे तापमापक गार पाण्यात बुडवून "ताप उतरला" म्हणणे होते! माझ्यातले पाणी निवळले. सभोवतालची जमीन तशीच. आणि उद्या विहिरीचे पाणी कोण पिणार होते? तीच मुलगी आणि तिचा रांगता भाऊ.

दुपारी तपासणीच्या मॅडम आल्या. मुलीची आई कळशी घेऊन आधीच उभी होती. दोन वर्षे ती कोपऱ्यावरच्या नळावरून पाणी वाहत होती.

"उपसा झालाय, मॅडम," मुकादम म्हणाला. "तीन बादल्या मी सकाळीच काढल्या. तुम्ही फक्त बाटली भरा."

मॅडमनी बाटली उघडलीसुद्धा. तेवढ्यात मुलगी पुढे आली. "मॅडम, काकांनी काढलं नाही, ओतलंय! तुम्हीच मागे म्हणाला होतात, उभं पाणी खोटं बोलतं. आधी ते उपसायचं."

"पोरीचं काय मनावर घेता!" मुकादम म्हणाला.

"मग पुन्हा उपसायला तुमची हरकत काय?" मॅडमनी विचारले.

मॅडमनी स्वतःच उपसायला घेतले. पहिली बादली काचेसारखी निघाली. दुसरी जरा गढूळ. तिसरीला आईने पदर नाकाला लावला.

मॅडमनी कागदावर आडवी रेघ मारली. "हिच्यात पूड पडली, ही नळी आता ग्राह्य धरता येणार नाही. नवी खोदायची, आणि तपासण्या पहिल्यापासून. वहिनी, अजून वर्ष तरी जाईल." मग मुकादमाकडे वळून त्या म्हणाल्या, "तुमच्याविरुद्ध आणि तुमच्या मालकाविरुद्ध अहवाल आजच जाणार."

आईने हातातल्या कळशीकडे पाहिले. "गप्प राहिली असतीस तर आज आपलं पाणी असतं गं..." ती म्हणाली, आणि तिने स्वतःच जीभ चावली.

मी बाद झाले, त्याचे मला दुःख नाही. पण मित्रांनो, जमिनीत गाडलेली घाण दिसत नाही, म्हणून ती संपलेली नसते. तपासणीचे पाणी कुणी गोड करून दाखवत असेल, तर गप्प बसू नका.

आणि ती मुलगी? तिने विहिरीचे कुलूप ओढून पाहिले, नीट लागले आहे ना. मग आईच्या हातातली रिकामी कळशी घेतली, कमरेवर ठेवली आणि कोपऱ्यावरच्या नळाकडे चालू लागली.