आवळीखालचं मानाचं पान

सुहासिनीने टांग्यातली पुढची जागा धरली आणि देवकीबाईंना साधा हातही दिला नाही. देवकीबाई पायरीवर एक पाय ठेवून तशाच उभ्या राहिल्या. कोणी तरी म्हणेल, काकी, तुम्ही पुढे बसा. कोणी म्हटलं नाही. शेवटी टांगेवाला नथ्थूच बोलला, "चलो अम्माजी, पीछे भोत जगा है." मग त्या कणकेच्या डब्याला टेकून, रस्त्याकडे तोंड करून मागे बसल्या.

"पाहून राहिली ना?" त्या सुनेला म्हणाल्या. "म्हातारं माणूस चढून राहिलं, अन् ही गौरीसारखी बसून आहे. उठवायची तर आरती करावी लागते काय हिची?"

कुंदाने मांडीवरच्या लेकीचं, मनीचं, झबलं सारखं केलं.

कार्तिकातल्या नवमीला कारखान्याच्या क्वार्टरमधल्या मराठी बाया अधारताल तळ्याच्या पुढच्या एका बागेत आवळीभोजनाला जात. एरवी पुरुषही सायकली हाणत मागून यायचे. यंदा चीनशी लढाई जुंपली आणि तोफगाड्यांचा कारखाना थांबेनासा झाला. देवकीबाईंचा मुलगा रत्नाकर तिथेच कामाला, घरी येई तो फक्त निजायला. नखांतलं काळं धुवायचंही त्याला त्राण नसे. तेव्हा बायांनी ठरवलं, आपण आपल्या जाऊ, व्रत मोडायला नको.

आजवर आवळीला पहिला नैवेद्य दाखवायचा तो देवकीबाईंनी आणि बुंध्यालगतचं मानाचं पानही त्यांचंच. वयानेही त्या मोठ्या आणि त्यांच्यासारखे रोडगे अख्ख्या क्वार्टरमध्ये कोणाला जमत नसत. पण दसऱ्याच्या सुमारास सुहासिनीचा मुलगा शरद, तोफखान्यातला, नेफाकडे आघाडीवर गेला आणि नाकापेक्षा मोती जड झाला. जवानांच्या स्वेटरची लोकर वाटायची ती सुहासिनीच्या हातून. काकडआरतीचं तबक आधी तिच्याकडे. आणि बाईचा तोरा असा, की नळावर येणं सोडलं, विचारलं तर दोन शब्दांत बोळवण. देवकीबाईंनी वाटीभर बेसन धाडलं, तर वाटी घासूनपुसून रिकामी परत. वाटी रिकामी परत करू नये हे कळायला का शाळा शिकावी लागते?

बागेत पोचल्यावर गोवऱ्यांचा आर पडेपर्यंत देवकीबाईंनी कोणाला विस्तवाजवळ येऊ दिलं नाही. रोडगे भाजून निघाले तसे राख झटकून त्या एकेक बाजूला ठेवू लागल्या. एक रोडगा एका अंगाने चांगलाच करपला होता. तो त्यांनी टाकला नाही. वेगळा काढून पदराआड ठेवला.

फोरमनच्या बायकोने, विनताने, नैवेद्याचं पान वाढलं आणि ते सरळ सुहासिनीच्या हाती दिलं. देवकीबाई तुपाची पळी धरून बघत राहिल्या. सुहासिनीने पान झाडाखाली ठेवलं, दिवा लावला, बुंध्याला सूत गुंडाळलं. एवढा मान मिळून चेहऱ्यावरची रेघ हलेल तर शपथ.

पंगत बसली. मानाचं पान बुंध्यालगत मांडलं आणि त्याच्या दोन्ही अंगांना हात-दीड हात जागा मोकळी सोडली. ती जागा देवकीबाईंच्या डोळ्यांत खुपली. त्या मानावर असत तेव्हा पोरीबाळी गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या, कोणाचा पदर कोणाच्या वरणात. त्यांच्यासाठी अदबीने एवढं अंतर कोणी कधी राखलं नव्हतं.

करपलेला रोडगा त्यांनी स्वतःच्या हाताने नेऊन वाढला. सुहासिनीने तो फोडला, करपला भाग आधी तोंडात घातला आणि म्हणाली, "छान झाले काकी." देवकीबाईंना वाटलं, हीसुद्धा घमेंडच.

तेवढ्यात मनी दुडदुडत सुहासिनीपुढे जाऊन उभी राहिली. सुहासिनीने आपल्या पानातला गुळाचा खडा पोरीच्या मुठीत दिला. कुंदा वाढता वाढता धावली, मनीला ओढून वांग्याच्या भाजीच्या पातेल्यामागे नेलं, मूठ उघडली आणि गूळ गवतात भिरकावला.

देवकीबाई तिच्यामागे गेल्या. "गूळ होता. विष नोहतं."

"आई, हळू बोला." कुंदा मनीची बोटं पदराने पुसत होती, जोरजोराने. "तिकडची वाईट तार केव्हा येईन सांगता येते का? सगळ्याच म्हणतात, लहान लेकराला त्यांच्या हातचं नको. त्यांच्या घरून काही आलं तर विनतावहिनी गाईले घालतात."

"अन् हे तिला माहीत आहे?"

कुंदाने मनीला उचलून कडेवर घेतलं.

देवकीबाईंनी पंगतीकडे पुन्हा पाहिलं. बाया हसत होत्या, एकमेकींच्या पानात वाढत होत्या. विनता भात घेऊन ओळीने आली आणि मानाच्या पानापाशी वाकताना तिने डाव्या हाताने आपला पदर आवरून धरला, शिवू नये असा. सुहासिनीने ते पाहिलं असावं. तिने आपलं पान उचललं आणि अजून थोडं बुंध्याकडे, मुळांत, सरकवून घेतलं.

देवकीबाई पंगतीच्या टोकाला आपल्या जागेवर गेल्या. त्यांनी वरणभातासकट आपली पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली आणि चालू लागल्या. वरण ओघळून लुगड्यावर सांडलं.

"काकी, तिकडे मुळ्या आहेत, टोचतील," विनता म्हणाली.

देवकीबाई मुळ्यांवरच बसल्या. गुडघे वाजले. बसल्या त्या अशा, की त्यांची मांडी सुहासिनीच्या मांडीला लागली. सुहासिनी दचकून आणखी आत सरकायला लागली, तशी देवकीबाईंनी तिचं मनगट धरलं.

"सुहासिनी, तुले मान घेताच येत नाही," त्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "मानाची बाई अशी चोरावानी बसते काय? तुझा पोरगा जी तोफ चालवून राहिला, तिची गाडी माझ्या पोराने केली. म्हणून या जागेतली अर्धी माझी. उरलेल्या अर्धीवर तू नीट पसरून बस. काहून सरकून राहिली? जेव."