चित्रात फेस नसतो

मित्रांनो, मी एक जुना, काचेचा फर्मेंटर आहे. दिसायला मोठ्या बरणीसारखा, पण मला लोणच्याची बरणी समजू नका. माझ्या पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव वाढवतात. त्यांना साखरेचे पाणी द्यायचे, ऊब द्यायची, नळीने हवा सोडायची आणि पात्यांनी सारखे ढवळत राहायचे. हे जीव खाऊनपिऊन वाढतात आणि औषधाला लागणारा माल तयार करतात. माझ्या झाकणावर एक लहानशी गाळणी आहे. वापरलेली हवा तिच्यातून बाहेर पडते. ती गाळणी ध्यानात ठेवा, कारण एकदा माझा जीव तिच्यातच अडकला होता.

भट्टीतून निघालो तो थेट एका कॉलेजात आलो. जैवतंत्रज्ञानाच्या पदव्युत्तर विभागात माझे फार कौतुक झाले. विभागप्रमुख मॅडमनी मला कपाटात ठेवले आणि किल्ली पर्समध्ये टाकली. "लांबूनच बघा रे, महागाचा आहे!" असे त्या म्हणायच्या. मुले समोर बसून माझे चित्र काढायची. माझी आकृती परीक्षेत हमखास यायची. एका मुलीच्या रेघा इतक्या सरळ, की तिला सगळे 'पट्टी' म्हणत. माझ्या आकृतीला तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. माझ्या पोटात मात्र इतक्या वर्षांत पाण्याचा थेंबही पडला नाही.

मग एके दिवशी बक्षिसाच्या ढाली ठेवायला कपाट कमी पडू लागले आणि मला एका औषध कारखान्याच्या प्रशिक्षण विभागाला देऊन टाकले. त्याच वर्षी कॉलेजाने शेवटच्या सत्राची मुले कारखान्यात पाठवायला सुरुवात केली. त्यांत पट्टी होती. मला पाहून तिला माहेरचे माणूस भेटल्यासारखे झाले.

शिकवणारा अभियंता पहिल्याच दिवशी म्हणाला, "मला सर म्हणू नका. काका म्हणा. म्हणजे बोलणी खाताना घरच्यासारखं वाटेल."

पट्टीने बोलणी पोटभर खाल्ली. चित्रात हवेची नळी डावीकडून येते, माझ्या अंगावर ती मागून येते. तिने ती भलत्याच तोंडाला जोडली आणि सगळ्यांच्या अंगावर पाणी उडवले. काका तिला रोज एकच गोष्ट करायला लावी. गाळणीपाशी तळहात धरायचा. "संगणकाचा पडदा आकडे सांगतो, पोरी. श्वास हाताला कळतो."

तिच्या घरून आत्याचा फोन यायचा. "अगं, एवढी शिकलीस, आता आणखी कसली उमेदवारी? तिकडे बरण्याच धुतेस म्हणे?"

"धुते ना आत्या, चकचकीत धुते. एवढी शेवटची बॅच पार पडू दे. पास झाले तर कारखाना कामावर घेणार आहे."

शेवटच्या बॅचला, म्हणजे मालाच्या शेवटच्या घाण्याला, काकाचा एक नियम होता. तो दोन्ही हात पँटच्या खिशात घालून मागे उभा राही. "माझे हात बाहेर आले, की परीक्षा संपली. नापास."

त्या दिवशी सकाळपासून सगळे छान चालले होते. पडद्यावर ऊब बरोबर, ढवळणे बरोबर. दुपारी माझ्या पोटात फेस चढू लागला. पट्टीने फेस मारायच्या औषधाचे थेंब सोडले. फेस बसला, पुन्हा चढला, झाकणाला टेकला आणि गाळणीत शिरला. गाळणी भिजली आणि गच्च बसली. खालून हवा येतच होती, बाहेर जायला वाट नव्हती. माझ्या जुन्या अंगाला दाब सांगणारा काटा नाही. काच ताणली जात होती, फुटायच्या बेतात होती आणि ते एकट्या मला कळत होते. मला ओरडता येत नाही हो!

पट्टीने सवयीने गाळणीपाशी तळहात धरला. तिचा चेहरा पांढरा पडला.

"श्वास नाहीये."

"आकडे तर बरोबर आहेत," तिचा सोबती म्हणाला. "औषध ओत की! सगळं ओत!"

तिचा हात औषधाकडे गेला आणि थांबला. भिजलेली गाळणी औषधाने सुटणार नव्हती. हवा तोडली तर आतले जीव गुदमरणार. गाळणी बदलली तर बाहेरचे जंतू आत शिरणार. कसेही केले तरी बॅच जाणार, आणि बॅचबरोबर नोकरी. माझ्या काचेतून कुई असा बारीक आवाज निघाला. काकाचा उजवा हात मनगटापर्यंत खिशाबाहेर आला.

"मागे व्हा सगळे!"

हे पट्टी ओरडली होती. काकाचा हात पुन्हा खिशात गेला. तिने चष्मा नीट केला, माझ्या मागे हात घातला, न पाहता हवेची नळी शोधली आणि चिमटा लावला. मग पाती थांबवली. फेस खचला. तिने ओली गाळणी अलगद सैल केली. फुस्स! इतका मोठा श्वास मी जन्मात सोडला नव्हता.

कोरडी गाळणी बसवून ती वळली. "काका, बॅच बाहेरच्या हवेला उघडी पडली. आता ती औषधाला चालणार नाही."

"मग फेकून दे," काका म्हणाला.

तिने मान खाली घातली. डोळ्यांतले पाणी तिला लपवता येईना.

"आणि उद्या नवी लाव. कामावर घेतलेल्या माणसाला रडायला रजा नसते."

"पण बॅच गेली ना!"

"बॅच गेली. फर्मेंटर राहिला, तुझे डोळे राहिले, आणि माझे हात..." त्याने खाली पाहिले. हात खिशातच होते, पण मुठी आवळून आवळून उजव्या खिशाची शिवण उसवली होती.

मित्रांनो, आता माझ्या अंगावर पुष्कळ ओरखडे आहेत. चिमट्याचा एक ओरखडा त्याच दिवसाचा आहे, आणि मला तो फार आवडतो. मला जपा, रोज धुवा, पण कपाटात कोंडू नका. तुमच्या प्रयोगशाळेतही कुलपाआड एखादे यंत्र चकाकत उभे असेल. त्याचे चित्र अवश्य काढा. मग धीर करून किल्ली मागा, आणि त्याच्यापाशी एकदा तळहात धरून बघा. श्वास लागतो का?