कस्तुराबाईंचा माळढोक

सोनारीपासून दोन कोसांवर एक वस्ती आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत कस्तुराबाई गेली अकरा वर्षं पोरांसाठी खिचडी शिजवत होत्या. शाळा दोन खोल्यांची, मागं पत्र्याचं स्वयंपाकघर. शिकण्याशी त्यांचा संबंध म्हणाल तर भिंतीपलीकडून पाढे ऐकू येत तेवढाच. दुसरीत असताना त्यांचं दप्तर सुटलं आणि हातात शेरडं हाकायची काठी आली. त्याला आता पंचावन्न वर्षं झाली होती.

उमाशंकर सरांची बदली होऊन ते या शाळेवर आले आणि वर्गात टीव्ही बसला. सर आपला मोबाईल खिडकीच्या गजात अडकवून ठेवत, कारण रेंज तेवढ्या एकाच जागी येई. मग पुस्तकातला धडा टीव्हीवर हलायला-बोलायला लागे. ज्वालामुखी दिसला, समुद्रातला देवमासा दिसला. पोरं जेवताना कस्तुराबाईंना सगळं सांगायची. त्या "व्हय का रं?" म्हणत ताटात वाढत राहायच्या.

श्रावणातली गोष्ट. त्या दिवशी परिसर अभ्यासात पक्ष्यांचा धडा होता. सर नुसता आवाज लावत आणि पोरांनी पक्षी ओळखायचा. मोर, टिटवी, तितर... पोरं सरांना बोलू देईनात. मग एक आवाज असा लागला की वर्ग गप्प झाला. खोल, घुमणारा. रिकाम्या रांजणात तोंड घालून कुणीतरी हुंकार द्यावा तसा.

"सर, बैल हाय!" एक पोरगी म्हणाली आणि सगळे हसले.

स्वयंपाकघरात कस्तुराबाईंचं उलथनं पातेल्यातच थांबलं. आवाज शाळेमागच्या माळावरून आला असं वाटून त्या तशाच बाहेर पडल्या. कपाळाला आडवा हात लावून त्यांनी लांबवर पाहिलं. माळ कसला, आता तिथं ऊस उभा होता. तेवढ्यात हुंकार पुन्हा आला, पण पाठीमागून, वर्गातून. त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"काय झालं, मावशी?" सरांनी विचारलं.

"सर, त्ये परत लावा बरं जरा."

सरांनी लावलं. कस्तुराबाई चौकटीला धरून ऐकत राहिल्या. "माळढोक हाय त्यो," त्या म्हणाल्या. "आमी हुम्या म्हणायचो."

सर चकित झाले. "बरोबर! पण तुम्हाला कसं माहीत? हा आवाज राजस्थानात टिपलेला आहे."

"राजस्थान कशाला? हितंच होता की. ह्या मागच्या माळावर."

त्या दिवशी खिचडी थोडी लागली, पण कुणी कुरकुर केली नाही. सरांनी मावशींना खुर्चीवर बसवलं. त्या अवघडल्या. पदर सारखा केला आणि मग बोलायला लागल्या.

त्या आणि थोरले भाऊ बलभीमआण्णा, दोघं शेरडं घेऊन माळावर जायचे. गवत गुडघ्याएवढं. पाऊसकाळ लागला की हुम्या गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट पाठीवर घेऊन ऐटीत उभा राहायचा, नवरदेवासारखा. एकदा गवतात उघड्यावरच अंडं सापडलं, एकच. मादी पंख पसरून शेरडांच्या अंगावर धावून आली. संध्याकाळी हे ऐकून वडील म्हणाले, "ती बाळंतीण हाय. तिकडचा गवताचा पट्टा सोडून चारा." महिनाभर दोघं भावंडं शेरडं लांबच्या वाटेनं नेत होती.

"मग ते पक्षी गेले कुठं?" एका पोरानं विचारलं.

"माळ नांगरला, बोअर पडली, ऊस आला. कवा गेलं त्ये ध्यानातबी आलं न्हाय. शेवटचं कवा ऐकलं त्येबी आठवत न्हाय, बाळा. शेवटचं हाय म्हणून कोण ऐकतंय?"

"मावशी, तुम्ही काढा ना तसा आवाज!"

"मला कुठं जमतंय! त्ये आण्णाला यायचं. हातांची ओंजळ करून असा घुमवायचा की हुम्या माळाच्या त्या टोकावरून जबाब द्यायचा."

बलभीमआण्णा आता पुण्याला मुलाकडं होते. बायको गेल्यापासून त्यांनी बोलणंच सोडलं होतं. फोन लावला की सून निकिता सांगायची, "आत्या, ते नको म्हणतात." राखीला तिकडं जाणंही दोन वर्षं झालं नव्हतं. हे ऐकून सर म्हणाले, "मावशी, नंबर द्या. बघू तरी."

निकितानं आण्णांच्या फोनवर व्हिडिओ कॉल घेतला. टीव्हीवर आण्णा दिसले, गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर. एवढी पोरं पाहून ते गोंधळले.

"आण्णा, म्या कस्तुरा. वळखलं का?"

"हं," एवढंच.

सरांनी निकिताच्या फोनवर तो आवाज पाठवला. तिनं तो सासऱ्यांच्या कानाशी धरला. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा त्यांची मान वर झाली. तिसऱ्यांदा त्यांनी फोन बाजूला सारला, दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी नेली आणि हुंकार दिला. म्हातारपणानं थोडा फाटलेला, पण तोच. कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला.

"मोठा नर हाय," आण्णा म्हणाले. "पर कस्तुरे, त्यो हुम्या तुला घावला कुठं?"

"फोनात घावला, आण्णा!"

आण्णा हसले. निकिता मागून म्हणाली, "आत्या, किती महिन्यांनी हसले हो हे!"

त्यानंतर दर शनिवारी अर्धा तास आण्णांचा ठरला. पोरं इंटरनेटवरून पक्ष्याचं चित्र शोधायची, आण्णा तो कुठं उतरायचा, काय खायचा ते सांगायचे. आठवण चुकली की कस्तुराबाई खुर्चीत बसल्या बसल्या भांडायच्या. सर ते सगळं एका वहीत नोंदवून घेत, दर पक्ष्याला एक पान. माळढोकाच्या पानावर मात्र पोरांनी आपल्या हातानं लिहिलं, 'आमच्या माळावर होता. सांगणारे कस्तुरामावशी आणि बलभीमआजोबा.'

वेळ अमावस्येला, शेतात जाऊन जेवायच्या सणाला, आण्णा गावी आले. आंबील-भज्जी खाऊन सगळी शाळा त्यांच्यामागं निघाली. उसाच्या पलीकडं एक खडकाळ पट्टा नांगराविना राहिला होता. आण्णांनी तिथं तीनदा आवाज दिला. पोरं श्वास धरून थांबली. वाऱ्याशिवाय काही आलं नाही.

"न्हाय यायचा आता," आण्णा म्हणाले आणि खडकावर टेकले.

कस्तुराबाई त्यांच्याशेजारी बसल्या. "अंडं हितंच होतं का रं?"

"हितं न्हाय, त्या बाभळीपशी."

"खोटं! बाभळ तवा नव्हतीच."

दोघांचा वाद चालू झाला. पोरं ओंजळी करून, गाल फुगवून घुमवायला शिकत होती. कुणाची शिट्टी होत होती, कुणाची नुसतीच फुंकर. शेवटी आण्णाच उठले आणि एकेकाची बोटं धरून नीट करायला लागले.